सरकारचं काय बिनसलं

आपल्याच अंगाला वास येतोय हे त्याला कळलं तेव्हा तो एका म्हातारीचे खालचे दात मेणात बसवत होता. म्हातारी कोण, कशी दिसते, काही ठाऊक नव्हतं. कागदावर वय होतं, एकोणऐंशी, आणि दातांच्या डॉक्टरांच्या गिचमिड अक्षरात शेरा होता की आधीच्या कवळीनं चावताना दुखत होतं. सव्वीस वर्षं तो कवळ्या बनवत होता आणि त्या ज्यांच्या तोंडात गेल्या त्यांच्यातली चार-पाच माणसंच त्यानं प्रत्यक्ष पाहिली होती. त्याच्याकडे यायचे ते प्लास्टरचे जबडे, माणसं मागे ठेवून आलेले. त्याला ते बरं वाटायचं. स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवावी, गुलाबी मेणात टोक बुडवावं, एकेक दात केसभर इकडे केसभर तिकडे सरकवावा, आणि कुणी काही बोलू नये. शेजारच्या टेबलावर पॉलिशचं काम करणाऱ्या बाईंनी मोटर बंद केली आणि म्हणाल्या, "इथे कुठे मांजर शिरलंय का हो? मघापासून वास येतोय. म्हणजे, तुम्ही आल्यापासून." शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून सहज गेलं, मग त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांनी घाईघाईनं मोटर पुन्हा सुरू केली. बोलण्यापेक्षा ते मोटर सुरू करणंच त्याला जास्त लागलं. त्यानं मान खाली घालून नाक एप्रनजवळ नेलं. धुतलेला, इस्त्री केलेला एप्रन, सकाळी घड्यांच्या गठ्ठ्यातून वरचा म्हणून उचललेला. घरातून निघताना त्याला काही वास आला नव्हता. आता दिव्याच्या उबेनं तो फुलून वर आला होता, तिखट, डोळ्यांत जाणारा, ओळखीचा. म्हणजे मांजरीनं गठ्ठ्यावर बसून केलं होतं. इस्त्रीच्या कपड्यांवर. कानाच्या पाळ्या गरम झाल्या आणि त्या बाईंना दिसत असणार या विचारानं आणखी गरम झाल्या.

पाच आठवडे झाले होते. सुरुवात बुटापासून झाली, डाव्या. मग दारातलं पायपुसणं, मग खुर्चीची गादी, मग जुन्या वर्तमानपत्रांची चळत, मग त्याच्या पलंगाचा बरोबर उशीकडचा कोपरा. एकदा तर बाथरूममध्ये वाळूच्या ट्रेपासून वीतभर अंतरावर, कोरड्या फरशीवर, जणू ट्रे दिसावा आणि तरी नाकारावा. अकरा वर्षं या मांजरीनं एकदाही चूक केली नव्हती. ती या लॅबच्याच माळ्यावर जन्मली होती. डोळे उघडल्या उघडल्या मालकांच्या फायलींवर जाऊन झोपली, हाका मारल्या तर उत्तर नाही, कुठलंही काम नाही आणि वेळेवर सगळं पोचतं व्हायला हवं, म्हणून मालकांनी तिला 'सरकार' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव घेऊन ती त्याच्या घरी आली. पहिल्या दिवशी त्यानं वाळू भरलेला ट्रे दाखवला, तिनं हुंगला, आत गेली, केलं, नीट बुजवलं, झालं. त्या गोष्टीचा त्याला आतल्या आत अभिमान होता. इतरांना मुलांच्या मार्कांचा असतो तसा. आणि आता तीच मांजर त्याच्याकडे सरळ बघत, डोळे अर्धे मिटून, वर्तमानपत्रांवर बसायची, आणि तो स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत उठून शेपटी वर करून निघून जायची. त्यानं वाळू बदलली. बारीक आणली, जाड आणली, वासाची आणली, बिनवासाची आणली. ट्रे उकळत्या पाण्यानं धुतला. दुसरा ट्रे आणून पहिल्याच्या शेजारी ठेवला, तर दोन्ही रिकामे राहिले. लिंबाच्या साली, व्हिनेगर, मिरपूड. कुणी काय सांगेल ते केलं. मिरपुडीनं तो स्वतःच दोन दिवस शिंकला. घरात शिरताना आता तो दारातच थांबून हुंगायचा. पन्नाशी उलटलेला माणूस, स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात उभा राहून, नाक वर करून.

मागच्या आठवड्यात तो तिला प्राण्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांत, हातावर जुने ओरखडे. तिनं सरकारचं पोट दाबून पाहिलं, लघवी तपासली, सोनोग्राफी केली, आणि दोन दिवसांनी सांगितलं की खडा नाही, संसर्ग नाही, मांजर ठणठणीत आहे. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाली ती निराशा. आजार असता तर औषध असतं. "घरात काही बदललंय का?" डॉक्टरनं विचारलं. "नवीन माणूस, नवीन सामान, ट्रेची जागा?" तो म्हणाला, "नाही." इतक्या चटकन म्हणाला की तिनं लिहिता लिहिता मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बसमधून परत येताना मांडीवर टोपली, टोपलीत सरकारचा अखंड तक्रारीचा सूर, आणि तो खिडकीबाहेर बघत स्वतःला पटवत होता की आपण खोटं बोललो नाही. ताई आली हे काही बदल म्हणण्यासारखं नव्हतं. ताई नवीन माणूस नव्हती. ताई त्याच्याही आधी होती. आणि ट्रे मागच्या खोलीतून बाथरूममध्ये हलवला त्याला तीन महिने झाले होते, त्यानंतर दोन महिने मांजर मुकाट तिथे जात होती, मग त्याचा काय संबंध. पण हे सगळं डॉक्टरला सांगायला काय हरकत होती, ते त्याला सांगता आलं नसतं. सांगितलं असतं आणि तिनं म्हटलं असतं की हो, तेच कारण आहे, तर मग पुढे काय करायचं होतं?

ताई पंधरा दिवसांसाठी म्हणून आली होती. भाऊजी जाऊन दोन वर्षं झाली, मुलाची बदली लांबच्या शहरात झाली, तिथे दोन खोल्यांत तो, बायको आणि तान्हं मूल. ताईनं फोनवर विचारलं, "येऊ का थोडे दिवस तुझ्याकडे?" आणि तो म्हणाला, "विचारायचं काय त्यात." ते त्यानं मनापासून म्हटलं होतं. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई सतत अंथरुणाला खिळलेली असल्यामुळे त्याला शाळेसाठी उठवणं, स्वतःच्या वेण्या घालायची त्याच हातांनी त्याचा भांग पाडणं, अंकगणित, नखं कापणं, सगळं तिनंच केलं होतं. मागची खोली त्यानं स्वतः रिकामी केली. ट्रेसुद्धा त्यानंच उचलून बाथरूममध्ये ठेवला, कपडे धुवायच्या मशीनच्या शेजारच्या जागेत. ती बिचारी काहीच म्हणाली नव्हती. ती कशालाच काही म्हणत नव्हती. शेवटचा घोट घशाखाली उतरायच्या आत तिचा कप धुऊन पालथा झालेला असायचा. खुर्चीत बसायची ती काठावर, कुणीतरी आता नाव पुकारेल आणि उठायचं आहे अशी. संध्याकाळी तो येईपर्यंत दिवा लावायची नाही. तिच्या असण्याची एकही खूण घरात सापडायची नाही. कंगव्यात केस नाहीत, साबण ओला नाही. अकरा वर्षं एकट्यानं राहिल्यावर घरात माणूस असण्याची सवय लागायला वेळ लागेल असं त्याला वाटलं होतं. पण माणूस असून नसल्यासारखं वागतंय, याची सवय कशी लावून घ्यायची? त्याला रेडिओ मोठा लावायला चोरी वाटू लागली, मोठ्यानं खोकायलाही. राग यावा असं ती काही करत नव्हती, आणि त्याचाच त्याला राग यायचा, आणि ताईवर राग काढणं हे तर कल्पनेतसुद्धा बसत नव्हतं. तिच्यावर चिडायचं म्हणजे कुठून सुरुवात करायची तेच त्याला माहीत नव्हतं. एकदाच त्यानं तिला जरा जोरात म्हटलं, तेही तिच्या भल्यासाठी. ती बादलीत चादरी धुवत बसली होती, कमरेवर हात ठेवून उठत होती. "हातानं कशाला? मशीन आहे ना घरात," म्हणून त्यानं तिला बटणं दाखवली, कुठलं आधी, कुठलं नंतर. ती शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत होती.

आणि मंगळवारी त्याचा तोल गेला. सकाळी बूट घालायला वाकला तर उजवा बूट. डावा झाला होता, आता उजवा. सरकार समोरच कपाटावर बसून पंजा चाटत होती. तो तिथेच, पायात एकच बूट, ओरडला. आपला आवाज इतका मोठा आहे हे तो विसरला होता. "इथे राहायचं नसेल तर चालती हो. कुणी बांधून ठेवलंय का? फुकट खायचं, झोपायचं आणि वर माझ्याच डोक्यावर घाण. मला काय एवढी हौस पडली आहे सांभाळायची? सुखानं राहत होतो मी." सरकारनं पंजा बदलला. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आणखी हळू. तो चपला घालून कामावर गेला.

आता एप्रन काढून त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला, पिशवीला गाठ मारली, गाठीवर गाठ मारली. म्हातारीचा जबडा अर्धा राहिला, पुढचे सहा दात बसलेले आणि मागे नुसतं मेण. मालकांना म्हणाला, "जरा घरी जाऊन येतो." मालकांनी कारण विचारलं नाही, पॉलिशवाल्या बाईंनी नजर वर केली नाही. रस्त्यावर आल्यावर त्यानं प्राण्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला आणि मांजरं ठेवून घेणाऱ्या संस्थेचा पत्ता मागितला. तिथल्या माणसानं वय विचारलं. अकरा म्हटल्यावर तो म्हणाला, "म्हातारी मांजरं सहसा कुणी नेत नाही. तिथेच राहतात." "राहू दे," तो म्हणाला. बसमध्ये बसल्यावर त्यानं ठरवलं की आजच. टोपली घ्यायची, झाकण लावायचं, निघायचं. ताईला सांगायचं की इलाज नव्हता. त्या कल्पनेनं त्याला हलकं वाटायला हवं होतं. पण तो पत्ता लिहिलेला कागद खिशात पुन्हापुन्हा चाचपत राहिला.

भर दुपारी तो घरी कधीच नसायचा. दार किल्लीनं उघडलं तेव्हा त्याला आपलंच घर अनोळखी वाटलं. ऊन कुठवर येतं, कुठल्या भिंतीवर पडतं, ते त्याला ठाऊकच नव्हतं. मशीन चालू होतं. आत पाणी खळखळत होतं. सवयीप्रमाणे तो उंबऱ्यात थांबला, हुंगला, आणि मग बाथरूमच्या अर्धवट दारातून त्याला सरकार दिसली. ती ट्रेमध्ये होती. चारी पाय वाळूत, कान मागे वळवलेले, मान मशीनकडे. ती उकरत होती, दोनदा उकरून थांबत होती, पुन्हा उकरत होती. तो श्वास रोखून उभा राहिला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. बस, बये, बस एकदाची, तो मनात म्हणाला. ती बसायला वाकली, आणि त्याच क्षणाला मशीननं कपडे पिळायला घेतले. घरघर वाढत गेली, मशीन फरशीवर थडथडायला लागलं, ट्रेतली वाळू कडांना सरकायला लागली, आणि सरकार तिथून अशी उडाली की तिच्या मागच्या पायांनी अर्धी वाळू दारापर्यंत आली. त्याच्या पायांमधून ती मागच्या खोलीकडे पळाली. तो बघतच राहिला. इतकं साधं होतं. रविवारी एकदा चालणारं मशीन. आणि आज वार कुठला होता, शुक्रवार.

तो मांजरीच्या मागे मागच्या खोलीत गेला. ताईचा पलंग उघडा होता, चादर नाही, गादीच्या मधोमध ओला डाग आणि डागावर पसरलेला टॉवेल. खुर्चीवर ताईची बॅग उघडी होती. तिच्यात साड्यांच्या घड्या, वर चष्म्याचं घर, औषधांची डबी. गॅलरीतून ताई रिकामी बादली घेऊन आत आली आणि त्याला बघून थबकली.

"तू कसा आत्ता?"

"हे काय झालं?" त्यानं गादीकडे बोट केलं.

"काही नाही. पाणी सांडलं."

ती ज्या सुरात म्हणाली तो सूर त्यानं ऐकलेला होता. तो सात वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. वडील आंघोळीला गेले की ताई त्याला कुशीवर लोटायची, चादर ओढून घ्यायची, गादी उलटी करायची, आणि वडील बाहेर येऊन दोरीकडे बघायचे तेव्हा म्हणायची, पाणी सांडलं. रोज कुणाच्या हातून पाणी सांडतं? वडिलांनाही ते कळत असणार. पण ती इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणायची की त्यांना पुढे काही विचारता यायचं नाही. त्यानं हे कुणाला कधी सांगितलं नव्हतं. तिच्याशीही तो त्याबद्दल कधी बोलला नव्हता. आता बासष्ट वर्षांची ती तोच चेहरा करून उभी होती, आणि हातातली बादली खाली ठेवायची तिला सुचत नव्हती.

"ताई, रोज होतंय हे?"

"रोज नाही. दिवसाआड." मग थोडं थांबून, "कधी कधी रोज."

"आणि तू रोज मशीन लावतेस."

"तू येईपर्यंत वाळायला हवं ना. हातानं पिळून एवढं वाळत नाही." तिनं बादली ठेवली. "तुला सांगितलं असतं तर तू तिला ठेवली नसतीस. आधीच तू वैतागलेला. म्हटलं, माझ्या पलंगाचं तरी त्याच्या कानावर जायला नको."

तो पलंगाच्या कोरड्या कडेला बसला. हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. बटणं त्यानंच दाखवली होती. मांजर मशीनला घाबरून चादरीवर मुतत होती, चादर धुवायला ताई मशीन लावत होती, मशीनला घाबरून मांजर पुन्हा चादरीवर, आणि तो लिंबाच्या साली पसरत फिरत होता. पाच आठवडे दोघी त्याच्या पाठीमागे हा कारखाना चालवत होत्या. त्यानं तिला ते सांगितलं, ट्रे, थडथड, वाळू, सगळं. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "अगं बाई. म्हणजे माझ्यामुळेच की."

"तुझ्यामुळे कसं? मशीनमुळे."

"तेच ते."

"आणि ही बॅग कसली?"

"मुलाकडे जाऊन येते म्हटलं जरा. संध्याकाळची बस आहे. तुला चिठ्ठी लिहून ठेवणार होते."

"त्याच्याकडे जागा कुठे आहे? तूच म्हणालीस, बाळाचा पाळणासुद्धा स्वयंपाकघरात ठेवलाय."

"होईल काहीतरी." तिनं बॅगेतल्या साडीची आधीच नीट असलेली घडी नीट केली. "तू मंगळवारी म्हणालास ते काही चूक नव्हतं रे. सुखानं राहत होतास."

त्याला आधी कळलंच नाही. मग पायात एकच बूट असलेला तो स्वतः त्याला दिसला, आणि थांबलेला भांड्यांचा आवाज ऐकू आला. "ताई, ते मी मांजरीला बोललो."

"माहीत आहे मला. मला का ऐकू येत नाही? तू मांजरीलाच बोललास." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "पण मांजरीला काही लागलं नाही. मी म्हटलं, मग कुणाला तरी लागायला हवं."

सव्वीस वर्षं न बोलणाऱ्या जबड्यांबरोबर काढल्यावर असं एकदम उत्तर कुठून आणायचं? खरं सांगायचं तर ते सगळं त्यानं फक्त मांजरीला म्हटलं होतं का, याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती, आणि ताईला नेमकं तेच ऐकू आलं होतं. तेवढ्यात पडद्यामागून सरकार बाहेर आली. दोघांकडेही न बघता तिनं खुर्चीवर उडी मारली, बॅगेच्या कडेवरून आत उतरली, साड्या पुढच्या पंजांनी दोनदा उकरल्या, गोल फिरली, आणि बसली. तिच्या चेहऱ्यावर ती ओळखीची, लांबवर बघणारी एकाग्रता आली. त्याला उठता आलं असतं. ताईला हात लांब करता आला असता. दोघांपैकी कुणीही हललं नाही. बराच वेळ चाललं ते. मशीननं अडवलेलं सगळंच असावं. मग तिनं चष्म्याच्या घरावर एक साडी ओढून घेतली, बुजवल्यासारखी, आणि उतरून गेली.

"गेली," ताई म्हणाली. "ती निळी साडीसुद्धा गेली."

"जायचं म्हणजे आता ओल्या कपड्यांत जावं लागेल," तो म्हणाला.

"मशीन लावू नकोस."

"नाही लावत."

तो बाथरूममध्ये गेला, ट्रे उचलला. "कुठे ठेवतोस?" ताईनं विचारलं. पूर्वी होता तिथे, खिडकीखाली, तो म्हणाला. मग तिचा पलंग बघून घुटमळला. आता ती खोली तिची होती. तो ट्रे हातात धरून मध्येच उभा राहिला आणि त्यानं, बहुतेक तीन महिन्यांत पहिल्यांदा, तिला सरळ विचारलं, "तुला चालेल का इथे? खरं सांग. नाहीतर माझ्या खोलीत ठेवतो."

"तुझ्या खोलीत पाय ठेवायला जागा आहे का? ठेव इथेच." आणि तो ठेवायला लागला तेव्हा म्हणाली, "पलंगाला चिकटवून नको रे. तिकडे सरकव. आणखी. त्या कोपऱ्यात."

मग तो बादली घेऊन बसला. साड्या हातानं धुवायची त्याला सवय नव्हती. ताई दारात स्टूल टाकून बसली आणि म्हणत राहिली की असं नाही, काठ धरून, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं, पाणी बदल, अजून एकदा बदल. तिसऱ्या पाण्याला त्याची कंबर धरली आणि तो म्हणाला, "ताई, तू आत जाऊन पड." ती गेली नाही. कामावर फोन करून त्यानं सांगितलं की आज येत नाही. म्हातारीचे मागचे दात उद्या बसतील. खिशातला पत्त्याचा कागद पाण्यात भिजून लगदा झाला होता तो त्यानं काढून टाकला.

सरकारनं त्या दिवशी ट्रेकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर केलं. तो दात आवळून पुसत होता तेव्हा ताई म्हणाली, तिला जरा वेळ दे. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतून वाळू उकरल्याचा आवाज आला, मग शांतता, मग पुन्हा उकरल्याचा. चौथ्या आणि पाचव्या दिवशीही. बूट मात्र तो कपाटात बंद करून ठेवायला लागला.

त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी तो घरी आणलेलं थोडं काम घेऊन बसला होता. ताईच्या खोलीत दिवा होता, दार उघडं होतं. ती उशीला टेकून, पाय लांब पसरून, मुलाशी फोनवर बोलत होती. "काय सांगू तुला," ती म्हणत होती, आवाज चांगला मोठा, "मामानं त्याच्या मांजराची पेटी माझ्या खोलीत आणून ठेवली आहे. हो, खोलीत. वाळू सगळीकडे. सकाळी पाय खाली ठेवला की पायाला वाळू. आणि ही बया माझ्याकडे बघत बघत करते, लाज नाही. मामाला सांगून उपयोग आहे का, त्याला कुठे दिसतंय. केरसुद्धा काढत नाही नीट, कोपरे तसेच." मग थोडा वेळ ऐकून, "छे, आता कशी येऊ? हिच्याकडे बघणार कोण?"

कोपरा तूच दाखवलास, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. केर तर त्यानं सकाळीच काढला होता, दोनदा. त्यानं सुरी दिव्यावर धरली, टोक तापेपर्यंत थांबला, आणि मेणावर वाकला. आत ताईचं चालूच होतं. आता ती त्याच्या चहाबद्दल सांगत होती.